कोपऱ्यातली पट्टी

माझ्या गाण्यांच्या वहीत शब्द निळ्या बॉलपेनने लिहिलेले असत आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, वर, लाल स्केचपेनने पट्टी, म्हणजे ते गाणं पेटीवरच्या कुठल्या सुराला सा मानून गायचं ते. का. ५. का. ४. पां. ५. (काळी पाच, काळी चार, पांढरी पाच.) कार्यक्रमात पान उलटलं की नजर आधी तिथे जावी, म्हणून लाल. अठरा वर्षं हे असंच चाललं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा घर सोडायच्या आधी मी कीबोर्ड वरच्या मजल्यावर नेला. अ‍ॅडॅप्टर, स्टँड, माइक, पेडल, वायरींची पिशवी, सगळं नेलं. वही शोकेसच्या खालच्या खणात राहिली, हे मला विश्रामबागला नणंदेकडे पोचल्यावर रात्री आठवलं.

परत आलो तेव्हा खण फुगून अडकला होता. ओढून काढला. वही दुप्पट जाड झाली होती आणि तिला गाळाचा वास येत होता. गच्चीत दोऱ्या बांधल्या, एकेक पान सुटं केलं आणि कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातलं. शेजारी गोधड्या, माझ्या दोरीवर गाणी. वाळल्यावर बघते तर शब्द जवळजवळ सगळे वाचता येत होते. बॉलपेनची शाई पाण्याला दाद देत नाही. स्केचपेनची देते. कोपऱ्यात नुसता गुलाबी डाग उरला होता. १८४ पानं, १८४ डाग.

घरचे म्हणाले, शब्द वाचले ना, मग झालं. पहिले दोन दिवस मलाही तसंच वाटलं. ज्या चार-पाच पानांचा लगदा झाला होता त्यांतलं एक गाणं शेजारच्या काकूंनी जिन्यात केरसुणी हातात धरून दोन्ही अंतऱ्यांसकट म्हणून दाखवलं. बाकीची मोबाईलवर मिळाली. शब्द सगळ्या गावाला पाठ असतात. पट्टी कुणाला विचारणार? रेकॉर्ड ऐकून मूळ पट्टी काढता येते, पण ती मूळ गायिकेची. माझी पट्टी जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती.

ज्यांचा पेटीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या, मिळून बारा. त्यातल्या कुठल्याही पट्टीला सा मानून गाणं सुरू करता येतं. पुरुष साधारण काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाच. एक पट्टी वर गेलं की कंपनसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. ऐकणाऱ्याला तो फरक बहुधा जाणवतही नाही. गाणाऱ्याला मात्र अंतऱ्यात, अगदी वरच्या सुराला, तेवढीच एक पट्टी सहज पोचणं आणि न पोचणं यांच्यामध्ये उभी असते.

आणि मी एकटी वाजवते, एकटी गाते. डोहाळजेवण, सहस्रचंद्रदर्शन, ज्येष्ठ नागरिक संघाची महिन्याची सभा, गणपतीत सोसायटीची एक संध्याकाळ, कोजागिरी. डाव्या हातात कॉर्ड, उजव्या हातात पीस (दोन ओळींच्या मधलं नुसतं वाजवायचं संगीत), पायाखाली सस्टेन पेडल, तोंडासमोर माइक, डोळे शब्दांवर. ठेका कीबोर्डमधून येतो आणि तो माझ्यासाठी थांबत नाही. साथीला तबलजी असता तर गायिकेचा श्वास अडलेला बघून त्याने एक आवर्तन जास्त वाजवलं असतं. माझ्याकडे बघणारं कुणी नसतं, म्हणून सगळी काळजी आधीच घेऊन पानावर उतरवावी लागते.

पानावर काय लिहावं हे मला एका कार्यक्रमाने शिकवलं. मिरजेत एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, साधारण २०१२ ची गोष्ट. मी बोटांनी नेहमी पांढरी एकवरूनच वाजवते आणि ट्रान्सपोजच्या बटणाने पट्टी खाली आणते. काळी पाचला उणे दोन, काळी चारला उणे चार, पांढरी पाचला उणे पाच. त्या दिवशी एक गाणं काळी पाचात झालं आणि लगेच आजींच्या आवडीच्या गाण्याची चिठ्ठी आली. ते माझं पांढरी पाचातलं. बटण उणे दोनवरच राहिलं. मुखडा छान गेला. मुखडा मध्य सप्तकातच फिरतो, तिथे तीन पट्ट्या वर असल्याचं चटकन कळत नाही. अंतऱ्याच्या आधीचा पीस वाजवताना हाताखालून येणारा सूर उंच वाटला आणि पोटात गोळा आला. पुढे तार पंचम होता, म्हणजे वरच्या सप्तकातला प. माझा गळा तिथपर्यंत जाणार नव्हता हे मला नक्की माहीत होतं, आणि समोर आजी डोळे मिटून बसल्या होत्या. मी ठेका थांबवला, बटण खाली आणलं, नवा सा दिला आणि मुखड्यापासून पुन्हा सुरू केलं. लोकांना वाटलं असेल, आजींसाठी मुखडा दोनदा म्हटला. त्या रात्री घरी येऊन मी वहीतल्या प्रत्येक का. ५ च्या खाली −२ लिहिलं, प्रत्येक पां. ५ च्या खाली −५. आणि तेव्हापासून, कितीही घाई असली तरी, गाणं सुरू करण्याआधी सा एकदा हळूच वाजवून मनात लावून बघते. मध्येच लाइट गेली आणि आली तरीसुद्धा. कारण माझा कीबोर्ड पुन्हा सुरू झाला की ट्रान्सपोज शून्यावर आलेलं असतं.

तर पूर ओसरल्यावर ते लाल आकडे पुन्हा उभे करायचे होते. तीसेक गाण्यांची पट्टी आठवत होती, रोजचीच गाणी ती. बाकीच्यांसाठी मी एक रीत धरली. गाण्याचा मुखडा विसरायचा आणि त्यातला सगळ्यात वरचा सूर कोणता ते शोधायचं. कुठे तार रिषभ, कुठे तार गंधार, कुठे मध्यम, एखाद्यात पंचम. मग माझा गळा न ताणता, पोकळ न होता जिथपर्यंत जातो ती पट्टी ठरवायची, त्या वरच्या सुराला तिथे बसवायचं आणि तिथून खाली मोजत सा काढायचा. आमच्या बाई मिरजेत पेटी शिकवायच्या, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना आम्हाला त्याच बसवायच्या. त्या म्हणायच्या, शिडी लावताना आधी वर कुठे टेकणार ते बघतात. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि ते नुसतं ऐकून घेतलं होतं.

माझं वरचं टोक मला ठाऊक होतं: तार सप्तकातली पांढरी दोन. म्हणजे तार गंधार असलेलं गाणं काळी पाचात बसतं. त्या हिशोबाने पहिल्या दिवशी वीस गाण्यांची पट्टी कागदावर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाऊन बघायला बसले आणि सातव्या गाण्याला खोकला सुरू झाला. वाटलं, पुराच्या गाळाची धूळ आणि जंतुनाशक पावडर, घसा धरला असेल. आठ दिवस थांबले. घसा साफ झाला, पांढरी दोन आली नाही. येत होती, पण ओढून. पाठ ताठ व्हायची, हनुवटी वर जायची, शब्दातला 'ई' सपाट व्हायचा. दोन पट्ट्या खाली, पांढरी एकवर, आवाज पुन्हा भरून यायचा.

मी त्रेपन्न वर्षांची होते. पाळी गेल्यावर बाईचा आवाज थोडा खाली उतरतो, जाड होतो, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत माहीत होतं. आणि खरं तर वहीतही ते दिसलं असतं: तिथे कित्येक पानांवर का. ५ खोडून का. ४ केलेलं होतं, पण ते एकेक करून, वर्षावर्षाच्या अंतराने झालेलं. बाकीची गाणी मी जुन्याच पट्टीत रेटत होते, कारण कोपऱ्यात तसं लिहिलेलं होतं. लिहिलेलं समोर असलं की माणूस गळ्याचं ऐकत नाही.

मग सगळा हिशोब नव्याने केला. टोक पांढरी एक. तार रिषभाचं गाणं काळी पाच, गंधाराचं काळी चार, मध्यमाचं पांढरी पाच, पंचमाचं पांढरी चार. तीन महिने लागले, दिवसाला दोन गाणी. सकाळी आवाज नेहमीच थोडा जड असतो, म्हणून पट्टी ठरवायची ती संध्याकाळी सहानंतर, ज्या वेळी कार्यक्रम असतात त्या वेळी, आणि बसून नाही, उभं राहून, माइकसमोर.

काही गाणी या हिशोबात बसत नाहीत. मंद्र पंचमापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पासून, तार गंधारापर्यंत पसरलेली गाणी आहेत. म्हणजे पावणेदोन सप्तकं. वरचा सूर पेलेल अशी पट्टी घेतली की खालचा पंचम नुसती हवा होतो. मूळ गायकासाठी ती चाल बांधली गेली, त्याच्या गळ्याची रुंदी बघून. अशा गाण्यांत मी वरचं सांभाळते आणि खालचे दोन-तीन सूर माइक जवळ घेऊन जवळजवळ बोलते. आठेक गाणी मात्र मी तेव्हा काढून टाकली. ती मला फार आवडतात. घरी पेटीवर वाजवते, गात नाही.

शब्दांसाठी आता टॅब आहे. कागदाचा मोह सुटायला वेळ लागला, पण पुराने निर्णय सोपा केला. एका भल्या गृहस्थांनी त्यांच्याकडची ३०० गाण्यांची फाइल दिली होती. त्यांनी ती वीस वर्षांपूर्वी जुन्या फाँटमध्ये स्वतः टाइप केलेली. टॅबवर उघडली तर एकही अक्षर ओळखू येईना, नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा भाताचा गोळा. युनिकोड रुळण्याआधीचं मराठी टायपिंग असंच अडकून पडलेलं आहे, किती घरांत कोण जाणे. मी १८४ गाणी स्वतः टाइप केली आणि त्याचा फायदा झाला, कारण ओळी मला हव्या तिथे तोडता आल्या. छापलेल्या पुस्तकात ओळ कवितेप्रमाणे तुटते. मी श्वासाप्रमाणे तोडते. जिथे श्वास घ्यायचा तिथे नवी ओळ, जिथे सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, येते ते अक्षर ठळक, पीस किती मात्रांचा आहे ते मध्ये आकड्यात. अख्खं गाणं एका पडद्यावर मावलं पाहिजे. मावत नसेल तर पान पीसमध्ये उलटेल, अंतऱ्याच्या मध्ये नाही.

कॉर्ड मी स्वरांच्या नावांनी लिहिते. हे गोव्यात सुचलं. कळंगुटला एका हॉटेलात एक वन मॅन बँडवाले गृहस्थ वाजवत होते, पासष्टीचे, चार तास एकटे. मध्यंतरात त्यांच्या वहीत डोकावले तर कॉर्डच्या जागी आकडे: १, ४, ५. म्हणाले, गिऱ्हाईक गायला उठतं, कुणाची पट्टी काय असेल सांगता येत नाही, आकडे कुठल्याही पट्टीत चालतात. परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की आपली सरगम पिढ्यान्‌पिढ्या हेच करते आहे. सा कुठेही ठेवा, म म्हणजे म आणि प म्हणजे प. तेव्हापासून माझ्या पानावर शब्दांच्या डोक्यावर सा, म, प, ध बसलेले असतात, कोमल असला तर खाली आडवी रेघ, भातखंड्यांच्या स्वरलिपीत असते तशी.

गाण्यांचा क्रमही मी पट्टीवरून लावते. पांढरी चार, पांढरी पाच आधी, गळा तापला की काळी चार, काळी पाच, आणि शेवटाकडे पुन्हा खाली. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा साडेनऊनंतर चढं गाणं शिल्लक ठेवायचं नाही. चिठ्ठ्या येतात आणि हा क्रम मोडतो, मोडू देते. लोकांना मुखडा आठवतोच असं नाही, पुष्कळदा अंतऱ्याची पहिली ओळ लिहून पाठवतात. म्हणून टॅबमध्ये अकारविल्हे यादी दोन प्रकारे आहे, मुखड्यांची वेगळी आणि अंतऱ्यांची वेगळी. चिठ्ठी पाठवणारा कुठल्या ओळीवर जीव लावून बसलाय ते त्यातून कळतं, आणि मग ती ओळ मी दोनदा म्हणते.

सगळ्यात अवघड असतं ते दुसऱ्याचं गाणं सांभाळणं. ज्येष्ठ नागरिक संघात कुणीतरी उठतोच. "मॅडम, एक म्हणू का?" मी आधी त्यांना बोलू देते, नाव विचारते, गाव विचारते. बोलण्याच्या आवाजावरून अंदाज येतो. सा विचारला तर बहुतेक जण तरुणपणीची पट्टी सांगतात. मी मान हलवते आणि एक-दोन पट्ट्या खालून सुरू करते. सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं असेल तर वरचा सूर तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, पुढे जाणार नाही असं बघते. पन्नास माणसांत ज्यांनी कधीच गायलं नाही असे निम्मे असतात, आणि त्यांचा आवाज एकदा फुटला की ते पुन्हा त्या गाण्यात तोंड उघडत नाहीत. पुरुष आणि बाई मिळून गाणार असतील तर पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीची आठवण येते. तिथे पुरुषाचा मध्यम तो बाईचा षड्ज, दोघं आपापल्या पट्टीत आणि आपापल्या रागात. माझ्या सभेत ते शक्य नसतं. गाणं एक, पट्टी एक, कुणाला तरी नमतं घ्यावं लागतं. मी बाईच्या सोयीने लावते. पुरुषांना खालच्या सप्तकात उतरायची वाट असते, बायकांना आणखी वर जायला जागा नसते.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात ती चाळीस वर्षं पुढे बसून म्हणायची, काळी चारात, पेटीवाल्याला न विचारता. गेल्या वर्षीपासून म्हणत नाही. टाळ वाजवते. या आषाढीला घरी मी विचारलं, तर म्हणाली, "अगं, पेटी कुठलीही पट्टी धरते, माझ्या सुरावर बसतच नाही ती. वर तरी असते नाहीतर खाली."

मला वाटलं, ऐकू कमी येतंय. कीबोर्ड लावला आणि तिला म्हटलं, तू म्हण, मी काहीच वाजवत नाही. तिने डोळे मिटले आणि लहानपणापासून मी ऐकलेला तो अभंग सुरू केला. आवाज कापत होता, पण सा जागचा हलत नव्हता. मी हलक्या हाताने पांढरी चार दाबली. आई खाली होती. पांढरी तीन दाबली. आई वर होती. या दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी नसते. दोन पांढऱ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, आणि आईचा सा बरोबर त्या फटीत होता.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. पेटी आपल्या गळ्यातले मधले सूर दाखवू शकत नाही, हा एक मोठा आक्षेप होता. बाई हे सांगायच्या तेव्हा मला पेटीचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. त्या संध्याकाळी आईच्या समोर बसून मला तो आक्षेप पहिल्यांदा कळला. भजनी मंडळाची पेटी चुकत नव्हती, आईही चुकत नव्हती.

कीबोर्डमध्ये ट्यूनिंगची, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकदम किंचित वर-खाली सरकवायची, सोय असते. कारखान्यातून तो ४४० हर्ट्झवर येतो. अठरा वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. एकेक आकडा खाली आणत गेले. ४३६. ४३२. आई म्हणतच होती, तिला वाटलं मी काहीतरी दुरुस्त करतेय. ४२८ ला पांढरी चार तिच्या सुरात विरघळली, वेगळी ऐकूच येईना. आईने डोळे उघडले नाहीत, पण तिचा आवाज मोठा झाला, आणि दुसऱ्या चरणाला कापायचा थांबला.

तिचं झाल्यावर मी टॅब उघडला, आणि मग मिटून बाजूला ठेवला. खणातून जुन्या वहीचं ते पान काढलं; अभंगाचे शब्द निळे, कोपऱ्यात गुलाबी डाग. डागाच्या बाजूला बॉलपेनने लिहिलं: आई. पां. ४, ४२८ वर.